बिनतिकिटाचे

दगड आला तेव्हा बाहेर उणे एकतीस.
विमानतळावरून ओरेस्टने खोकं कोटात गुंडाळून आणलं,
आणि स्वतः स्वेटरवर कुडकुडत गाडी हाकली.
बावीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी
त्याने कोट काढल्याचं मला आठवत नाही.

सस्कॅटूनहून कुठेही तोंड करून निघा,
समुद्र लागायला हजारेक किलोमीटर.
आमच्या तळघरात मात्र वॉशिंग मशीनशेजारी
नव्वद गॅलन समुद्र, निळ्या दिव्याखाली.

ओरेस्ट पोटॅशच्या खाणीत.
रोज एक किलोमीटर खाली उतरतो,
तिथे जुना एक समुद्र आटून
गुलाबी मीठ होऊन पडलाय.
दिवसभर तो मेलेला समुद्र खरवडायचा,
संध्याकाळी जिवंत समुद्राला मीठ मोजून घालायचं.
हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.
म्हणेल, लेस्या, तुला बरं नाही का?

दोन आठवडे दगड नुसता दगड.
मग त्याला पाय फुटले, मिश्या फुटल्या.
एका कोपऱ्यात काचेसारखं फूल उमललं.
मी म्हटलं, किती सुंदर!
तो म्हणाला, हात लावू नकोस, रक्तबीज आहे,
तुकडा पडला की दहा होतात.
आणि माझ्या चहाचं लिंबू पिळून
इंजेक्शनची सुई भरली.

शेजारचा एमिल देझार्ले म्हणाला,
सरळ गोड्या पाण्यात बुडव, निघतील सगळे.
ओरेस्ट म्हणाला, आणि निघाले त्यात चांगले असले तर?

तेव्हापासून रात्री लाल टॉर्च.
लाल उजेड त्यांना दिसत नाही म्हणे.
बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर नोंदी:
*केसाळ किडा. बोटाएवढा. उष्टंखरकटं खातो. राहू दे.*
*चांदणी, नखाएवढी. पाय सहा (?). ठरत नाही.*
*टक्. रात्री दोन. परत टक्. कोण?*

ती टकटक हीटरच्या नळीतून
थेट आमच्या उशीपाशी यायची.
वाळूत रिकामे शंख सापडू लागले,
सात, मग अकरा.
ओरेस्टने खुनी ठरवूनच टाकला:
टकटक्या.
तीन आठवडे बाटलीचे सापळे,
हातात चिमटा, डोळ्यांखाली खाणीची काळोखी.

मी शाळेची बस चालवते, पहाटे पाचला इंजिन गरम करावं लागतं.
त्या दिवशी मोजे शोधायला खाली गेले
आणि पाहिला:
केसाळ खेकडा, जर्दाळूएवढा,
गोगलगायीला शंखातून ओढत होता,
अगदी सावकाश, कुणी पाहत नसल्यासारखा.
आवाज? अजिबात नाही.

टकटक्या नंतर सापडला. कोळंबीच, एक नांगी मोठी.
चुटकी वाजवावी तशी वाजवायचा आणि बिळात बसायचा.
ओरेस्टने त्याची चक्क माफी मागितली,
काचेला नाक लावून, युक्रेनियनमध्ये.

काचेचा पेला तिरका ठेवला, आत झिंग्याचा तुकडा.
चढून आत पडला केसाळ, बाहेर पडेना.
एमिल हातोडी घेऊन आला होता.
ओरेस्टने ती घेतली, तोलून पाहिली,
आणि खेकड्याला काळ्या पाण्याची शिक्षा दिली:
खालची टाकी, पंपाशेजारी, जन्मभर.
हल्ली कोळंबीचे तुकडे फ्रीझरमधून कमी होतात.
मी विचारत नाही.

आता कागदावर एकच जागा कोरी आहे.
दगडाच्या डाव्या भोकातून अकराच्या सुमारास
दोन पांढरे धागे निघतात,
वाळू चाचपतात, कणकण उचलतात, परत जातात.
धाग्यांमागे कोण आहे, आम्ही पाहिलेलं नाही.
कुठल्याच चित्रात तसं काही सापडत नाही.
मिठाच्या दोन बादल्या उपड्या घालून
आम्ही टाकीसमोर बसतो. टॉर्च माझ्या हातात.

अकरा वाजून दहा मिनिटं.
"आज उशीर झाला त्याला," ओरेस्ट म्हणाला.